पाहुण्यांचं दार

“एवढं मोठं तळं, आन् एक बाई धुणं धूत नाही,” अनुसया म्हणाली.

पुलाच्या कठड्याला धरून ती खाली बघत होती. लाल-पांढरे मासे, एकेक माझ्या दंडाएवढा, तोंडं उघडून तिच्याकडं येत होते. तिला वाटलं, मागायलेत. तिनं पर्समधून चिवड्याची पुडी काढली.

“आई, नको! इथं टाकायचं नसतं,” उत्पला ओरडली.

“का? उपास आहे का त्यांचा?”

दाइसुके हसला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण आई बोलली की हसायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं. उत्पलानं त्याला मराठी शब्द शिकवले होते ते तीन: बसा, जेवा आणि हळू. पूल उतरताना त्यानं अनुसयेचा हात धरला आणि म्हणाला, “हळू, हळू.” माझी बायको त्याच्यावर तिथंच खूश झाली. मला अजून व्हायचं होतं.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. शहर टोकियो. उत्पला, आमची एकुलती एक मुलगी, भूकंपात घरं पडू नयेत म्हणून ती कशी बांधायची हे शिकायला तिकडं गेली, तिकडंच नोकरीला लागली, आणि बरोबर काम करणाऱ्या दाइसुके मोरिताशी लग्न करायचं म्हणाली. म्हणून आम्ही नवरा-बायको गेलो होतो. त्या दिवशी दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र बसणार होती. दाइसुकेचे वडील स्वतःच्या हातानं चहा करून पाजणार होते, एका जुन्या बागेतल्या चहाच्या झोपडीत. तिथं मनापासून पाहुणचार करायचा तर तो असा करतात म्हणे.

सकाळी हॉटेलात उत्पलानं मला बजावलं होतं. “बाबा, आज भाषण नको.”

तिची भीती खोटी नव्हती. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं. नगरपालिकेच्या नळखात्यात गावाला पाणी सोडायचं काम केलं आणि रात्री पुस्तकं लिहिली. ज्यांनी आम्हाला लाथा घातल्या त्यांची नावं बदलायची पद्धत आहे, ती मी पाळली नाही. त्यामुळं कोर्टातही जाऊन आलो. सत्काराला बोलावलेल्या माणसानं सत्कार करणाऱ्यांनाच शिव्या घातल्या, हे माझ्याबाबतीत एकदा नाही, अनेकदा झालंय.

“लग्न तर होईलच,” उत्पला म्हणाली. “मी परवानगी मागत नाहीये.” मी वाढवलेली मुलगी, दुसरं काय बोलणार? “पण आज दोन घरं एका खोलीत बसली नाहीत, तर जन्मभर मी इकडचे निरोप तिकडं पोचवत राहीन. तुम्ही त्यांच्याकडं जाणार नाही, ते तुमच्याकडं येणार नाहीत. मला तसलं जगायचं नाही. एकदा बसा सगळे मिळून. चहा प्या. बास.”

“चहाला मी कधी नाही म्हटलंय?” मी म्हणालो.

बागेचं नाव लिहीत नाही, कारण ते मला आजही धड उच्चारता येत नाही. कुणा सरदारानं तीनशे वर्षांपूर्वी ती केली होती. सरदार म्हटल्याबरोबर माझं डोकं जरा तापलं. तळं खणलं असणार हजारोंनी, आणि नाव एकट्याचं. पण खोटं कशाला बोलू, बाग मला आवडली. एक म्हातारं पाइनचं झाड पाण्यावर आडवं झुकलं होतं. त्याच्या फांद्यांना खालून लाकडी टेकू दिले होते, चार माणसांनी आजोबांना धरून उभं करावं तसे. आमच्याकडं असलं झाड रस्त्यात येतंय म्हणून केव्हाच तोडलं असतं. दोन बाया शेवाळावर बसून त्यातलं गवत उपटत होत्या. गवत टाकायचं आणि शेवाळ ठेवायचं, हा उलटा धंदा बघत अनुसया पाच मिनिटं उभी राहिली. झाडांच्या डोक्यावरून काचेचे उंच उंच मनोरे डोकावत होते. मेपलची पानं लाल झाली होती. ऊन कोवळं होतं. माझ्याही मनात त्या सकाळी कुणाबद्दल राग नव्हता. असा दिवस माझ्या वाट्याला कमी येतो.

झोपडीकडं जाणाऱ्या वाटेवर एक ठेंगणा दगड होता, वर कोरून त्यात पाणी भरलेलं, आणि त्यावर बांबूची पळी. दाइसुकेची आई फुमिए पुढं झाली. राखाडी किमोनोतली लहानखुरी बाई. तिनं उकिडवं बसून हात धुतले, चूळ भरली, आणि तीच पळी माझ्यासाठी तशीच ठेवून बाजूला झाली.

तीच पळी. मी लगेच बसलो. हात धुतले, चूळ भरली, थोडं प्यालो पण.

“वाकलात की बाबा,” उत्पला म्हणाली.

“पाण्यापुढं वाकलो. माणसापुढं नाही.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पुढं काय आहे हे तिला माहीत होतं आणि मला तिनं ते मुद्दाम सांगितलं नव्हतं.

झोपडी छान होती. गवताचं छप्पर, मातीच्या भिंती. मी दार शोधत होतो. फुमिएबाईंनी सपाता काढल्या आणि भिंतीतली एक फळी सरकवली. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एक चौकोनी भोक. जेमतेम दीड हात उंच, तेवढंच रुंद. बाईंनी दोन्ही हात आत टेकले, मान घातली, आणि गुडघ्यांवर सरपटत आत गेल्या.

“हे काय? कोंबड्यांचं खुराडं?”

“बाबा, हळू बोला.”

“हळू कशाला? इथल्या कोंबड्यांना मराठी कळत नाही.”

“हे पाहुण्यांचं दार आहे. सगळे पाहुणे असेच जातात.”

“आणि घरमालक?”

मी झोपडीला वळसा घातला. मागच्या बाजूला दार होतं, चांगलं माणसाच्या उंचीचं. एक सडपातळ म्हातारा गडद किमोनो घालून, हातात पाण्याचं भांडं घेऊन, त्यातून ताठ आत चालला होता. हे मोरिता. मला तिथं बघून दचकले, भांडं सावरून वाकले. मी वाकलो नाही. तडक परत आलो.

“मालकाला माणसाचं दार आणि पाहुण्याला कुत्र्याचं? हा पाहुणचार?”

“ऐका तर,” उत्पला म्हणाली. “जुन्या काळी मोठमोठे सरदार इथं यायचे. त्यांना तलवार बाहेर ठेवून याच दारातून वाकून जावं लागायचं. राजा आला तरी. आत गेलं की कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. समानतेसाठीच केलंय हे दार. तुमच्याच विचाराचं आहे.”

“माझ्या विचाराचं?” आता माझा आवाज चढला. “सरदाराला समान व्हायला वाकावं लागतं, बरोबर आहे. मला समान व्हायला ताठ उभं राहावं लागलं. दोघांना एकच दार कसं चालेल? सांग मला.”

मी असा मुद्दा काढला की समोरचा माणूस गप्प होतो. सभेत मला त्याची मजा वाटते. त्या दिवशी माझी मुलगी गप्प झाली, आणि मला काही मजा वाटली नाही.

तेवढ्यात अनुसया पुढं सरकली. तिनं त्या भोकाकडं पाठ केली, उंबऱ्यावर बूड टेकलं, बैलगाडीत मागून चढतात तसे पाय वर घेतले आणि गिरकी घेऊन आत दिसेनाशी झाली. आतून तिचा आवाज आला. “अगं बाई, किती गार आहे! चटया बी नव्या हायेत. या की तुम्ही.”

“मी येणार नाही.”

“मग ऊन खावा.”

दाइसुके माझ्याजवळ आला. त्यानं आपल्याजवळचा सगळ्यात मोठा शब्द वापरला. “बसा,” तो म्हणाला आणि दाराकडं हात केला.

“मी इथंच बसतो,” मी म्हणालो आणि वाटेकडेच्या बाकावर बसलो.

उत्पलानं मला शेवटचं सांगितलं. तिथली पद्धत अशी, की सगळ्यात शेवटचा पाहुणा आत आला की तो फळी जरा आवाज होईल अशी लावतो. तो आवाज ऐकला की यजमान चहाला हात घालतो. आवाज आला नाही तर चहा नाही.

“म्हणजे मी गेलो नाही तर…”

“तर नाही. मी सांगते त्यांना, वडिलांचे गुडघे दुखतात.”

“खोटं सांगायचं नाही. बाप वाकत नाही म्हणून सांग.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की तिच्या लहानपणी मी तिला कधी मारलं असतं तर तिनं तसं बघितलं असतं. मग ती आत गेली. तिच्यामागून दाइसुके गेला. फळी उघडीच राहिली.

मी बाकावर. आत कुजबुज. मग कुजबुज थांबली आणि त्या भोकातून दोन हात बाहेर आले. त्यामागून एक पांढरं डोकं. मोरिता. मागचं मोठं दार सोडून ते गुडघ्यांवर इकडून बाहेर आले. एक गुडघा त्यांचा खरोखर दुखत होता, तोंडावर दिसत होतं. सपाता घातल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसले. किमोनोच्या बाहीतून मनगटं दिसत होती. त्यांवर भाजल्याचे जुने व्रण, एकाखाली एक. हा माणूस जन्मभर बेकरीत पाव भाजत होता, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत मी त्यांना त्या सरदाराचा वंशजच समजत होतो.

उत्पलानं भोकातून तोंड बाहेर काढलं. “बाबा, ते म्हणतायत, खरं काय ते तुम्हीच सांगा. त्यांना कारण ऐकायचंय. निमित्त नको म्हणाले.”

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

“माझा आजा गावातला सगळ्यात उंच माणूस होता,” मी म्हणालो. “गड्या-माणसांत उभा राहिला की त्याचं डोकं वर दिसायचं. देशमुखाच्या वाड्यापुढनं जायचं असलं की तो चपला काढून हातात घ्यायचा आणि कमरेत मोडायचा. पार दुमडून. मी त्याचं बोट धरून चालायचो. मी चार वर्षांचा असेन. आजा वाकला की त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर यायचं. मला वाटायचं, आजा माझ्याशी खेळतोय. मी हसायचो. तोही हसायचा. वाडा संपेपर्यंत आम्ही असे हसत जायचो.”

उत्पला वाक्यावाक्याला थांबून सांगत होती. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. पुस्तकातही लिहिली नव्हती. पुस्तकात देशमुखाला शिव्या दिल्या होत्या, त्या सोप्या असतात.

“मला कळायला लागलं तेव्हा मी ठरवलं,” मी म्हणालो, “आमच्यातला कुणी आता कुणाच्या दारात वाकणार नाही. मी तरी नाहीच.”

मोरितांनी एकच विचारलं.

“आजोबांचं नाव काय, विचारतायत,” उत्पला म्हणाली.

इतक्या सभा केल्या, इतके सत्कार झाले, विद्वानांनी माझ्या लिखाणावर पानंच्या पानं लिहिली. आजाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

“मसाजी,” मी म्हणालो.

“मसाजी-सान,” ते म्हणाले. मोठ्या माणसाचं नाव घ्यावं तसं. मग हळूहळू काही बोलले आणि उत्पलाचा चेहरा एकदम उजळला.

“बाबा, ते म्हणतायत, हे दार ज्यानं बांधलं त्याला तुमच्यासारखा पाहुणा माहीत नव्हता. दार मोठं करता येत नाही, बाग नगरपालिकेची आहे. पण तुम्ही त्यांच्या दारानं या. मागच्या. ताठ चालत. त्यांना चालेल, त्यांना आवडेल.”

नगरपालिका म्हटल्यावर मी हसलो. चाळीस वर्षं तेच उत्तर मी लोकांना देत आलो होतो. उठलो, मोरितांना हात जोडले आणि मागच्या बाजूला निघालो. जिंकलो होतो. पुढचं पाऊल टाकलं आणि थांबलो.

गावात आमचं पाणी वेगळं. शाळेत बसायची जागा वेगळी. हॉटेलात कान तुटलेली कपबशी, बाहेर कोनाड्यात, ती वेगळी. वेगळं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आणि आता मुलीच्या सासरी, सगळी माणसं एका दारानं आत गेलेली असताना, मी एकटा वेगळ्या दाराकडं निघालो होतो. तेही मागून घेतलेल्या.

“उत्पला,” मी म्हणालो, “सांग त्यांना. वेगळं दार नको. सगळे जिथून गेले तिथूनच येईन.”

“खरंच?”

“पण हे वाकायचं मला पटलेलं नाही, हेही सांग. नीट सांग. मऊ करून सांगू नको.”

तिनं नीट सांगितलं असणार, कारण मोरिता मोठ्यानं हसले, पुढचे दोन सोन्याचे दात दिसेपर्यंत. मग ते उठले. मला वाटलं, आता हे मागून जातील, यजमान आहेत. ते गेले नाहीत. ते त्याच भोकापाशी आले, कण्हत गुडघे टेकले आणि आत शिरले. त्यांच्या पांढऱ्या मोज्यांचे तळवे तेवढे मागं राहिले, मग तेही आत गेले.

बाहेर मी एकटा. मी चपला काढल्या. दगडावर गुडघे टेकले. खरं सांगतो, दारापेक्षा मला त्या पलीकडच्या डोळ्यांची धास्ती होती. मी वाकून आत तोंड घालणार आणि समोर पाच जण ओळीनं बसून माझ्याकडं बघत असणार. आणि माझ्या तोंडावर आजाचं ते हसू येणार. ते येऊ नये म्हणून मी दात आवळले आणि मान आत घातली.

आत अंधुक होतं. कोळशाचा वास होता. आणि समोर पाच पाठी होत्या.

सगळे तिकडं तोंड करून बसले होते. भिंतीवर एक लांब कागद टांगला होता, त्यावर शाईची काही अक्षरं, आणि पाचही जण ती अक्षरं अशी वाचत होते की मागं कुणी येतंय याची त्यांना दादच नव्हती. मोरितासुद्धा. अनुसयासुद्धा, जिला मराठी वाचायलाही चष्मा लागतो.

मी सरपटत आत आलो. कुणी बघितलं नाही. फळी ओढून लावली, पद्धतीपेक्षा जरा जोरातच. पाठ ताठ करून मांडी घातली. सदरा सारखा केला. मग खाकरलो.

तेव्हा सगळे वळले.

मोरितांनी जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. मी दोन्ही हात जोडून जयभीम केला. मग ते सरकत चुलीपाशी गेले. किटलीतलं पाणी वाजायला लागलं. तो चहा म्हणजे हिरवा, गाढा, चमच्यानं ढवळावा असा, आणि सगळ्यांना मिळून एकच वाडगं. फुमिएबाई प्याल्या, कड पुसली आणि अनुसयेच्या हातात दिलं.

“पालकाची भाजी पातळ केल्यावाणी दिसतंय,” ती म्हणाली आणि प्याली. “साखर इसरलेत बहुतेक.”

“आई!”

“मी कुठं नाव ठिवलं? गोड मानून घेते.”

वाडगं माझ्याकडं आलं. तिच्या ओठाचं, फुमिएबाईंच्या ओठाचं, तेच. मी प्यालो. कडू जहर होतं. उत्पला माझ्याकडं बघत होती. मी दाइसुकेला वाडगं देताना म्हणालो, “जेवा.” खोलीत जो हशा झाला तो बागेबाहेर गेला असेल.

लग्न झालं. नातवंडं झाली, ती दोन भाषांत भांडतात. मोरिता एकदा आमच्याकडं येऊन राहिले आणि चुलीवर भाकरी भाजायला शिकून गेले. निरोप पोचवायचं काम उत्पलाला कधी करावं लागलं नाही.

आणि मी ही गोष्ट गावोगाव सांगत राहिलो. शिव्यांच्या मध्ये एक चांगली गोष्ट असली की लोक शिव्याही ऐकून घेतात. मी सांगायचो, बघा, ही त्या लोकांची रीत. वाकणाऱ्या पाहुण्याकडं ते बघत नाहीत, तोंड फिरवून बसतात. नाहीतर आपण! आपण वाकणाऱ्याला बघायला माडीवर खुर्च्या टाकून बसलो. इथं हमखास टाळ्या पडायच्या.

गेल्या हिवाळ्यात उदगीरला एका वाचनालयात मी हेच सांगितलं. त्या दिवशी अनुसया बरोबर होती. ती माझ्या सभांना येत नाही, पण तिथं तिची बहीण राहते. परतताना भाड्याच्या गाडीत तिनं खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, “ती कसली जपान्यांची रीत?”

“म्हणजे?”

“तसली काही रीतबीत नाही त्यांच्यात. मी सांगितलं होतं. उत्पलाला म्हणलं, सगळ्यांना सांग, तिकडं भिंतीकडं तोंडं करा. मोरिता बिचारे विचारायलेत, किती वेळ बघायचं? मी म्हणलं, घाई करू नका, आत आला की खाकरंल.”

“मला इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुम्हाला टाळ्या पडायल्या होत्या. कशाला मोडू?”

“आणि तोंडं फिरवायचं तुला कुठून सुचलं?”

“सुचायचं काय त्यात? कुणी बघायलं की तुम्ही मेलाव तरी वाकत नाही. कुणी नसलं की वाकताव.”

“मी? कधी वाकलो मी?”

“उत्पला झाली त्या बाळंतपणात मला उठता येत नव्हतं, तवा सव्वा महिना न्हाणीत बसून माझे पाय कोण धुवायचं? टाचा घासून, बोटाबोटांतनं पाणी घालून. आन् शेजारची केराबाई आली की तांब्या ठिवून भिंतीला टेकून उभं राहायचाव, पेपर वाचल्यावाणी.”

“गप बस,” मी म्हणालो. “ड्रायव्हर ऐकायलाय.”